वर्तणूक उत्तम

वेल्हे, २१ सप्टेंबर १९५३

चि. सौदामिनीस,
वसंतदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई, आमची आत्या, गेल्यापासून तुला पत्र टाकणं राहूनच गेलं. रस्त्याच्या मोजणीची आमची छावणी पासलीच्या वरच्या अंगाला आहे. माझं बिऱ्हाड वेल्ह्यात असलं तरी हेडक्लार्क म्हणून महिन्यातले वीस दिवस तंबूतच काढावे लागतात. डोंगर, धुकं आणि धनगरांची चार घरं, एवढंच जग. तू भोरला व्याख्यानं देऊन टाळ्या ऐकतेस, मी बेडूक ऐकतो.

पत्रास कारण की, छावणीतले आमचे कारकून श्रीपादराव यांची भोरला बदली झाली आहे. कुंदा ओटीवरची खोली देणार असल्याचं तिच्या यजमानांनी, नारायणरावांनी, मला मागे लिहिलं होतं. तू तिची थोरली बहीण, शिवाय शेजारीच राहतेस, म्हणून तुझ्यामार्फत कळवतो. माणूस आपल्यातला आहे. वय एकतीस, अविवाहित, चहाखेरीज व्यसन नाही. अक्षर मोत्यासारखं. रामरक्षा मुखोद्गत. मुलांची विशेष आवड. कुंदाच्या मुलांना घरच्या घरी शिकवणी मिळेल आणि तिलाही जरा उसंत.

सोबत चालचलणुकीचा दाखला जोडला आहे. मसुदा माझा, सही साहेबांची. ‘वर्तणूक उत्तम. स्वभाव शांत. कोणाचीही तक्रार नाही.’

बदली मध्येच कशी, असं नारायणराव विचारतील. इथली हवा त्यांना मानवत नाही, एवढंच.

तुझा,
वसंतदादा


भोर, १८ ऑक्टोबर १९५३

ती. वसंतदादास,
सौदामिनीचा नमस्कार.

दाखला दोनदा वाचला. इतके गुण एका माणसात, आणि तो माणूस एकतीस वर्षं बिनलग्नाचा! आपल्याकडच्या मुलींच्या बापांनी डोळे मिटून घेतले होते की काय?

खोली दिली. नारायणरावांनी सहीखालचा शिक्का पाहिला, कुंदानं आडनाव ऐकलं, आणि चौकशी संपली. संस्थान विलीन होऊन पाच वर्षं झाली, पण आमच्या आळीत माणूस पारखायची रीत अजून दरबारीच आहे. शिक्का, आडनाव, आणि भुरका मारताना आवाज होतो की नाही. श्रीपादरावांचा होत नाही. ते पाण्याचा घोटसुद्धा परवानगी काढल्यासारखा घेतात.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मुलांना वळण लागलं. प्रमिला सहा वर्षांची, तिची बडबड पार चौकापर्यंत ऐकू जायची. हल्ली ते ओटीवर आले की ती गप्प होते. मुकू तीन वर्षांचा. त्यांची पावलं वाजली की तो कुंदाच्या पदराआड. कुंदा म्हणते, “बघ ताई, तुझ्या वीस वर्षांच्या मास्तरकीला जे जमलं नाही ते यांनी महिन्यात केलं.” मी म्हटलं, खरं आहे, मला नोकरी सोडायला हवी.

एक सहज विचारते. छावणीत ते कुठे राहत होते? मला म्हणाले, तंबूत. दुसऱ्या दिवशी कुंदाला म्हणाले, एका धनगराच्या पडवीत. एवढ्या सत्यवचनी माणसाला दोन पत्ते कसे?

तुझी,
सौदामिनी


वेल्हे, १२ नोव्हेंबर १९५३

चि. सौदामिनीस,

तंबू गळत होता म्हणून ते दीड महिना बिरू धनगराच्या पडवीत राहिले. यात विचारण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. तू वर्तमानपत्रं फार वाचतेस, त्यामुळे सरळ माणसातही तुला खटला दिसतो.

मुलांना वळण लागलं हे वाचून बरं वाटलं. फार बरं वाटलं. दिवाळीला येणं जमलं नाही, कामं होती. कुंदाला आणि मुलांना आशीर्वाद.

वसंतदादा


भोर, ७ मार्च १९५४

वसंतदादा,

तुझी तार मिळाली. ‘अत्यंत दुःख. विधिलिखित.’ तीन शब्दांत तू दोन मुलांचं उरकलंस, पोस्टखातं धन्यवाद देईल.

तुला काय काय ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून सगळं लिहिते. माघातलं उत्रोलीचं लग्न होतं, नारायणरावांच्या चुलतभावाचं. मुकूला खोकला होता आणि प्रमिला त्याला सोडून जाईना. श्रीपादराव म्हणाले, “तुम्ही निर्धास्त जा, मी आहे.” कुंदा आणि नारायणराव सकाळी नऊला गेले, तीनला परत आले. मी शाळेत होते. दोन्ही मुलं माजघरात शेजारी शेजारी निजवलेली होती, गळ्यापर्यंत पांघरूण, तोंडं धुतलेली, भांग पाडलेले. तो ओटीवर बसला होता. कुंदाला म्हणाला, “आत्ताच गप्प झालीत. उठवू नका.”

फौजदारापुढे त्यानं सगळं सांगितलं. मुकू रडायचा थांबेना. म्हणून त्यानं थांबवला. प्रमिलानं ते पाहिलं. म्हणून तिलाही.

आता आमच्या गावाचं ऐक. पहिल्या आठवड्यात लोक रडले. दुसऱ्यात हळहळले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की ते हळहळतात ते श्रीपादरावांसाठी. “किती सभ्य माणूस हो. एकदा आवाज चढवलेला ऐकला नाही.” म्हणजे यानं आरडाओरडा करून गळा दाबला असता तर यांना शंका आली असती. एका वकिलांच्या दिवाणखान्यात अर्ज तयार झाला, खाली बावीस सह्या. आरोपी सुशिक्षित, निष्कलंक, क्षणिक भ्रमाच्या भरात, सबब दया व्हावी. मी विचारलं, “भ्रमाच्या भरात भांग कसा पाडला?” वकील म्हणाले, “सौदामिनीबाई, हा सभेचा विषय नाही.” मी म्हटलं, “बरोबर आहे, सभेत लोक निदान समोर बसून ऐकतात.”

आणि निष्कलंक कशावरून? तुझ्या दाखल्यावरून. बचावाच्या वकिलांनी त्याला कोर्टात मानाचं पान द्यायचं ठरवलंय. याच्या आधी या माणसानं मुंगी मारली नाही. मग या घरातच असं काय घडलं? याचं उत्तर आळीतल्या बायकांनी केव्हाच शोधून ठेवलंय. आई लग्नाचं जेवण जेवायला गेली.

कुंदाचं सांगते. त्या सकाळी निघताना उंबऱ्यावर ती त्याला म्हणाली होती, “मुकू हट्ट करेल, जरा धाक दाखवा.” आता दिवसभर तेवढंच म्हणते. भाजी चिरता चिरता म्हणते, पाणी भरताना म्हणते. घराबाहेर पाऊल टाकत नाही. मी तिला तर्कशास्त्र सांगितलं, मानसशास्त्र सांगितलं, तासभर बोलले. माझ्या व्याख्यानांतलं हे सगळ्यात लांब, आणि सगळ्यात फुकट गेलेलं. शेवटी ती म्हणाली, “ताई, मी बोलले म्हणून तर त्यानं केलं.”

म्हणून एकच विचारते, आणि मला तारेसारखं उत्तर नको. त्यानं याआधी असं काही केलं होतं का? मला त्याचा फास नकोय. माणसाला टांगून माणुसकी वाढते यावर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. मला एवढंच हवंय की हे तिच्या उंबऱ्यावर सुरू झालं नाही, असं कुणीतरी कुंदाला सांगावं.

सौदामिनी


वेल्हे, १६ मार्च १९५४

चि. सौदामिनीस,

तुझ्या दुःखात मी सहभागी आहे. तू रागात लिहिलं आहेस, मी मनाला लावून घेत नाही.

छावणीत त्यांच्याविरुद्ध कसलीही लेखी तक्रार नव्हती. दफ्तर मी स्वतः पाहिलं आहे. आता मोजणीचं काम संपत आलंय, साहेबांची बढती व्हायची आहे, अशा वेळी छावणीचं नाव कोर्टात येणं कुणाच्याच हिताचं नाही. कुंदानं मन रमवावं. एखादी पोथी लावावी.

सप्टेंबरातलं माझं पत्र तुझ्याकडे असेल तर परत पाठव. दाखल्याच्या मसुद्याचा त्यात उल्लेख आहे, उगाच गैरसमज व्हायचा.

वसंतदादा


भोर, ११ एप्रिल १९५४

वसंतदादा,

पत्र परत पाठवणार नाही. ते सरकारी वकिलांकडे आहे, त्यांना आवडलं.

‘लेखी तक्रार नव्हती.’ हे वाक्य तू जपून लिहिलंस. तुझी अलेखी तक्रार परवा दीड दिवस चालून माझ्या दारात आली. सारजाबाई, बिरूची बायको. पायाला फोड आलेले, हातात ताकाचा लोटा. पाव्हण्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून एवढ्या लांबून आणलेलं. मी बसायला पाट दिला तर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “तुमी त्या पोरांच्या मावशी व्हय? आमच्याकडं बाजारकरी सांगत आलं, भोरात कारकुनानं दोन लेकरं मारली. म्या त्यास्नी नाव इचारलं. मग चुलीवरचं तसंच टाकून निगाले.”

“तुम्ही ओळखत होता त्याला?”

“वळखत म्हंजी? आमच्याच पडवीत ऱ्हायचा. म्या भाकर घालायची. लई गोड बोलायचा, पोराला गूळ द्यायचा. पोराला ताप व्हता त्या दिशी. ह्ये गुरं घिऊन पल्याडच्या अंगाला, माजी शेरडं मागं लागलेली. त्यो म्हनला, ‘जा बाई, मी हाय.’”

मी आहे. दादा, तेच शब्द.

दुपारी परत आली तर पडवी रिकामी. शोधलं, तेव्हा पोर कड्याच्या पायथ्याला सापडलं. तुम्ही सगळे तिथं उभे होता. पंचनामा झाला, बिरूचा अंगठा घेतला, ‘मूल तापाच्या भरात भटकत जाऊन कड्यावरून पडले.’ कागद वाचून दाखवला म्हणे, पण असा की त्यातलं ‘अंगठा’ तेवढं त्याला कळलं.

पुढचं नीट वाच. मी वीस वर्षांत हजार पुस्तकं वाचली असतील, पण या बाईनं जे पाहिलं ते मला दिसलं नसतं. ती म्हणाली, “आमी पावसात डोस्क्यावरनं घोंगडीची खोळ करताना दशा, म्हंजी काठाचं सुटं धागं, आत दुमडतो. भायेर ऱ्हायल्या तर पानी दशांवरनं मानंवर उतरतं. ह्ये आमचं चालतं पोरबी जानतं. माज्या पोराच्या अंगावर खोळ व्हती आन् दशा भायेर. त्यानं सोता घातली न्हाई. धनगराच्या हातानं घातल्याली न्हाई. कुन्या शिकल्यासवरल्या मानसानं घातली.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“सांगितलं की. तुमच्या हेडक्लार्क सायबाला. त्यो म्हनला, ‘बाई, दशांचा कागद होत नाही.’”

दशांचा कागद होत नाही. वा. आणि महिन्याच्या आत त्याच्या वर्तणुकीचा मात्र कागद झाला, शिक्क्यासकट.

तर श्रीपादनं त्या मुलाला मारलं, खोळ घालून कड्याखाली टाकलं, आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. तुझा गुन्हा आळसाचा आहे, भित्रेपणाचा आहे, आमच्या सगळ्या सभ्य लोकांचा असतो तोच. तो मी समजू शकते. म्हणून मोठ्या मनानं संधी देते. पुढच्या महिन्यात पुण्याला सुनावणी आहे. ये, आणि त्या बाईनं तुला काय सांगितलं होतं ते शपथेवर सांग. धनगरणीच्या शब्दाला बावीस सह्यांपुढे वजन नाही, तुझ्या शब्दाला आहे. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण आहे.

सौदामिनी


वेल्हे, २५ एप्रिल १९५४

सौदामिनी,

हे पत्र वाचून जाळ. चार दिवस लिहितोय.

तू हुशार आहेस, पण तुला अर्धंच कळलंय. म्हणूनच मी कोर्टात येऊ शकत नाही. मी अर्धं सांगितलं तर उरलेलं श्रीपाद सांगेल.

खोळ मी घातली.

चोवीस ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमारास तो तंबूत आला. म्हणाला, “पोरगं रडायचं थांबलंय, जरा बघता का.” मी गेलो. सगळं आटोपलं होतं. मानेवर वळ होते. तो भिंतीला टेकून कागद नकलत बसला. मी विचारलं, हे काय केलंस? म्हणाला, “फार किरकिर करत होतं.”

दुसऱ्या दिवशी वरचे साहेब तपासणीला येणार होते. धनगरांना कळलं असतं तर छावणी पेटली असती, मोजणी थांबली असती, सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. मी त्याला उचलून कड्याखाली नेलं. श्रीपाद पुढे चालला, वाटेत कुणी आहे का बघायला. मुलाला खाली ठेवलं आणि पाऊस जोरात आला. मला त्याला उघडं टाकून यायला जीव होईना. पडवीतून घोंगडी उचलून आणली होती, तिची खोळ करून घातली. वळही झाकले गेले. दशा आत घेतात हे मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं या डोंगरात नोकरी केली, कुणाला विचारलं नाही.

त्याच्या आईनं दशांचं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती माझ्या हातांकडे बघतेय. म्हणून ते वाक्य बोललो.

मग श्रीपादला छावणीतून काढणं भाग होतं. काढायचं तर बदली, बदलीला दाखला. खात्यात असंच करतात. नकोसा माणूस चांगल्या शेऱ्यानं जातो, वाईट शेऱ्याचा माणूस कुणी घेत नाही. त्यानं भोरला राहायची सोय विचारली. नाही म्हटलं असतं तर तो माझ्याकडे बघून हसला असता.

कुंदाच्याच घरी का, हे तू विचारशील. मला वाटलं घरच्या माणसांत राहिला की ठीक होईल. एकटेपणानं, पावसानं, डोंगरानं त्याचं डोकं फिरलं असेल. आणि तू बोलण्याआधी मीच लिहितो. मला वाटलं, आपल्या मुलांना तो हात लावणार नाही.

माझी दोन मुलं शाळेत आहेत. जाळ हे.

वसंत


भोर, ९ मे १९५४

रा. रा. वसंतराव यांस,

पत्र जाळलं नाही. तुमचं मूळ पत्र सरकारी वकिलांना दिलं आणि माझ्याजवळ नक्कल ठेवली. तुमचा गुन्हा आळसाचा म्हटलं होतं. ते शब्द मागे घेते. तुम्ही भलतेच उद्योगी निघालात.

‘आपल्या मुलांना तो हात लावणार नाही.’ मी तेवीस गावांत व्याख्यानं दिली. जातीवर, माणसाच्या किमतीवर, घसा बसेपर्यंत. तुमच्या या एका ओळीएवढं नेमकं मला कधी बोलता आलं नाही. बावीस सह्यांच्या अर्जालाही हीच ओळ शोभली असती. ज्यांनी त्याच्यावर सही केली त्यांनाही तेच म्हणायचंय, फक्त त्यांच्याकडे तुमचा प्रामाणिकपणा नाही. श्रीपाद चुकला तो एवढाच, की त्यानं तुमचा भेद पाळला नाही.

कुंदाला पत्र वाचून दाखवलं. सगळं, एक शब्द न गाळता. मला वाटलं होतं ती कोसळेल, किंवा तुम्हाला शिव्या देईल. नारायणराव उठून परसात गेले. मग कुंदा म्हणाली, “ताई, त्या मुलाचं नाव काय होतं?”

मी पत्र पुन्हा पाहिलं. चार पानं. ‘पोरगं’ आहे, ‘मूल’ आहे, ‘त्याला’ आहे. नाव नाही. तुमच्यावर तोंडसुख घ्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सारजाबाई माझ्या घरात अख्खी दुपार बसली होती. मी तिला दशा विचारल्या, तारीख विचारली, अंगठा विचारला. तिच्या बोलण्याच्या आधारानं सरकारी वकिलांना सात पानी टिपण लिहून दिलं, आळीत दोनदा भाषणही ठोकलं. मुलाचं नाव विचारलं नव्हतं.

कुंदा म्हणाली, “मग जाऊन विचारू या.”

तीन महिन्यांनी ती उंबऱ्याबाहेर पडली. नसरापूरपर्यंत एस.टी., पुढे वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, मग पायी. वेल्ह्यात तुमच्या दारावरून गेलो. तुम्ही ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसला होता. माझ्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं, पण कुंदा थांबली नाही, म्हणून मीही थांबले नाही.

सारजाबाई दारात शेण सारवत होती. मी ओळख करून देणार तोच तिनं कुंदाकडे पाहिलं आणि हात पुसले. कुंदानं माझ्यासारखी प्रस्तावना केली नाही. म्हणाली, “बाई, नाव काय होतं हो त्याचं?”

“हैबती,” ती म्हणाली. “लई बडबड्या व्हता. गुरांसंगं बी बोलायचा. तुमच्यांची?”

“प्रमिला. आणि मुकुंद. प्रमिला बोलायची फार.”

“मंग दोगांचं जमलं असतं,” सारजाबाई म्हणाली.

बिरू आतून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. दोघी बसल्या. मी पहिल्यांदाच एवढा वेळ काही न बोलता बसले. परतताना कुंदा वाटेत एकदा म्हणाली, “मी नुसतं धाक दाखवा म्हटलं होतं.” पण या वेळी ती स्वतःला दोष देत नव्हती, मला सांगत होती. यात फरक आहे. तुम्हाला कळणार नाही.

तुम्हाला आता समन्स येईल, आरोपी म्हणून की साक्षीदार म्हणून ते सरकार ठरवेल. पिंजऱ्यात उभं केल्यावर न्यायाधीश आधी विचारतील, मृत मुलाचं नाव काय. तिथं दफ्तर बघता येणार नाही.

हैबती. वडील बिरू, आई सारजा. वय पाच.

पाठ करून या.

सौदामिनी